खोट्या आकाशाखालची गाडी

नॉर्वेच्या आन्डोया बेटावर ब्लाइक नावाचं छोटं गाव आहे. पुढे समुद्र, मागे डोंगर. २०२२ पासून दर सप्टेंबरात इथे एरवी गुन्हा ठरेल असं काम सरकारच्या देखरेखीखाली चालतं. उपग्रह दिशादर्शनाचे सिग्नल मुद्दाम दाबतात, खोटे सोडतात, आणि देशोदेशीच्या कंपन्या आपले रिसीव्हर, ड्रोन आणि गाड्या घेऊन स्वखुशीनं मार खायला येतात. उपक्रमाचं नाव जॅमरटेस्ट. आयोजकांत तिथला रस्ते विभागही आहे. अशा चाचण्या एरवी धातूनं मढवलेल्या खोलीत सिम्युलेटरवर होतात. पण डोंगराआडचं वळण आणि शेजारून जाणारा ट्रक त्या खोलीत कुठून आणणार?

जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर. त्यांचा सिग्नल जमिनीवर येईतो गोंगाटाखाली दबलेला असतो. १,०२३ बिटांचा ठरावीक संकेत दर मिलिसेकंदाला पुन्हा येतो, म्हणून रिसीव्हर त्याला हुडकून काढतो. नागरी वापराचा हा संकेत जगजाहीर आहे, आणि मेख तिथेच आहे.

जॅमिंग म्हणजे नुसती आरडाओरड. २०१२ मध्ये मालकाची नजर चुकवायला एका ट्रकचालकानं जॅमर लावला आणि अमेरिकेतल्या नेवार्क विमानतळाच्या उपग्रहाधारित लँडिंग यंत्रणेत अडथळा आला. पण सिग्नल गेला की रिसीव्हरला निदान कळतं तरी.

मला गुंतवलं ते स्पूफिंगनं. खिसेकापू आधी खांद्याला खांदा लावून चालतो, तसा खोटा सिग्नल आधी खऱ्याशी तंतोतंत जुळवतात. मग त्याची ताकद किंचित वाढवतात. रिसीव्हर जोरकस सिग्नलला धरून राहतो, आणि तेव्हा वेळ हळूहळू सरकवायला घेतात. मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटर. २०१३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या गटानं मालकाच्या परवानगीनं भूमध्य समुद्रात ६५ मीटर लांबीची यॉट अशीच वाटेवरून हटवली. एकही अलार्म वाजला नाही.

गाडीला चाकांचे फेरे, जायरोस्कोप, कॅमेरा यांच्याशी जागा ताडून पाहता येते. युरोपच्या गॅलिलिओनं २०२५ मध्ये संदेशाला डिजिटल सहीची सोय अधिकृतपणे सुरू केली. पण खराच सिग्नल टिपून क्षणभरानं पुन्हा सोडला, तर सहीही खरीच निघते. मग संशय किती घ्यायचा? कमी घेतला तर गाडी फसते. जास्त घेतला तर प्रत्येक बोगद्यात आणि उंच इमारतींच्या गल्लीत उगाच बोंब मारते. आणि चालक तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

नेटवर्कला जोडलेल्या गाडीची चूक गाडीपुरती राहत नाही. आपल्याकडे एआयएस-१४० या मानकाप्रमाणे सार्वजनिक प्रवासी वाहनांत ट्रॅकर आणि पॅनिक बटण असतं. जागाच खोटी कळली, तर मदत भलत्याच चौकात पोहोचेल. युरोपात लागू असलेल्या यूएन आर१५५ या वाहनांच्या सायबर सुरक्षेच्या नियमाच्या परिशिष्टात उपग्रह संदेशांच्या तोतयेगिरीचा उल्लेख आहे. पण किती सेकंदांत फसवणूक ओळखली म्हणजे गाडी पास, हा आकडा नियमात नाही. तो ज्यानं त्यानं ठरवायचा. म्हणजे पेपर काढणारा आणि सोडवणारा एकच. तो आकडा नियमात येईपर्यंत गाडी ‘सुरक्षित’ असल्याचा दावा ऐकला, की कुठल्या हल्ल्यापुढे आणि किती वेळ, हे विचारायला हवं.