डायोड तर्क मंडल
डायोड तर्क मंडल : डायोड व रोधक यांच्या जोडणीने ‘आणि’ व ‘किंवा’ या तार्किक क्रिया घडवून आणणारे इलेक्ट्रॉनीय मंडल. डायोडातून विद्युत् प्रवाह एकाच दिशेने वाहतो, या गुणधर्मावर ते आधारलेले आहे. उच्च विद्युत् दाब म्हणजे १ व नीच दाब म्हणजे ० असे मानल्यास, ‘किंवा’ मंडलात कोणतेही एक आदान उच्च असले तरी प्रदान उच्च होते. ‘आणि’ मंडलात सर्व आदाने उच्च असतील तरच ते उच्च राहते, कारण नीच आदानाचा डायोड प्रदानाचा दाब खाली आणतो.

अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स या संस्थेत १९५० मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘सीॲक’ या संगणकात तार्किक क्रियांसाठी सुमारे १०,५०० जर्मेनियम डायोड, तर विवर्धनासाठी ७४७ निर्वात नलिका होत्या. डायोडाला तापतंतू लागत नसल्याने जागा व वीज यांची बचत झाली. तथापि, प्रत्येक डायोडात काही दाब खर्ची पडतो, म्हणून काही टप्प्यांनंतर संकेताचे विवर्धन करावे लागते. शिवाय ‘नाही’ ही क्रिया केवळ डायोडांनी साधत नाही. त्यामुळे नलिका पूर्णपणे टाळता आल्या नाहीत. पुढे ट्रँझिस्टराने विवर्धन व व्युत्क्रमण ही दोन्ही कामे साधली आणि डायोड-ट्रँझिस्टर तर्क मंडले प्रचारात आली.