छिद्र आवळलं, फोकस सरकला

फोकस डोळ्यावर धरला, फोटोत मात्र पापण्या धूसर आणि कान लख्ख. दर वेळी हात हलला असंच नसतं. एफ/१.२, एफ/१.५ अशा बऱ्याच लेन्समध्ये कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा लेन्सच्या जास्त जवळ एकवटतात. हे गोलीय विपथन. डीएसएलआर फोकस साधतो तो लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) पूर्ण उघडं असताना. शटर दाबताच छिद्र आवळतं, कडेचे किरण गाळले जातात आणि फोकस मागे सरकतो. झाइसने आपल्या ५० मिमी सी सोनार लेन्समध्ये फोकस सरकतो हे उघडच मान्य केलंय (प्रामाणिकपणाच म्हणायचा!). जवळच्या पोर्ट्रेटला एफ/२ ते एफ/४ च्या पट्ट्यात हे जास्त जाचतं. एफ/८ ला वाढलेली क्षेत्रखोली चूक झाकते. उपाय साधा: लाइव्ह व्ह्यूमध्ये ज्या छिद्रावर फोटो काढायचा, त्याच छिद्रावर फोकस करा.