परक्यांच्या आखाड्यांत

आमच्या फलटणच्या भागांत चैत्र-वैशाखांत गांवोगांव यात्रा भरतात, आणि छबिना व तमाशा यांच्या जोडीला कुस्त्यांचा फड झाल्यावांचून यात्रा पुरी झाली असें कोणी मानीत नाहीं. मी शाळकरी असतांनाची, म्हणजे १९७० नंतरच्या वर्षांतली, अशाच एका फडाची गोष्ट मला आठवते. गांवाचें नांव सांगत नाहीं, कारण त्या गांवीं माझे सोयरे आहेत! शेवटची कुस्ती गांवच्या पैलवानाची व पंढरपुराकडून आलेल्या एका परक्या मल्लाची ठरली होती. हलगी घुमूं लागली, थोडा वेळ खडाखडी झाली, आणि परक्यानें गांवच्या गड्याला खालीं घेतलें. त्याची पाठ मातीला लागते न लागते तोंच चारी बाजूंनीं माणसें आखाड्यांत उतरलीं. धुरळा खालीं बसला तेव्हां पंचांनीं कुस्ती बरोबरीत सोडविली होती. परक्या पैलवानानें निम्मा इनाम मुकाट्यानें घेतला, नारळ कपाळाला लावला, आणि तो एस्. टी. च्या रस्त्याला लागला.

आपल्या माणसांत लढणें व परक्यांच्या गर्दींत लढणें यांत नेमका फरक कशाचा, आणि तो ठाऊक असूनहि कांहीं योद्धे आपण होऊन परमुलखीं कां जातात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पुष्कळांना वाटतें कीं, हा फरक आरोळ्यांचा. आपल्या माणसांच्या आरोळ्यांनीं अंगांत बळ संचरतें, हें मी नाकारीत नाहीं. अन्न, पाणी व झोंप यांचीहि गोष्ट आहेच. परंतु कसलेला मल्ल हें सर्व सोसूं शकतो. त्याला सोसत नाहीं तो निवाडा. जेथें निवाडा सर्वांच्या डोळ्यांदेखत होतो, तेथें परका निर्धास्त असतो. जेथें तो कोणाच्या तरी मनांत होतो, तेथें परक्यानें जपावें.

आमच्या मातींतल्या निकाली कुस्तीचा नियम सुतासारखा सरळ आहे. पाठ टेकली कीं संपलें. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं हें मर्म ओळखलें होतें असें मला वाटतें. १९०२ सालीं ते युरोपांत गेले असतां रोमचें प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यांत आलें, आणि पुढें १९१२ सालीं खासबागचें मैदान उभें राहिलें. मध्यें सखल आखाडा व भोंवतालीं चढत जाणारी मातीची उतरण, अशी त्याची रचना आहे. त्यामुळें शेवटच्या रांगेंतल्या माणसालाहि पाठ टेकली कीं नाहीं हें दिसतें. हजारों साक्षीदार असतां पंचाला डोळे मिटतां येत नाहींत. महाराजांनीं पंजाबच्या मल्लांना कोल्हापुरास बोलाविलें, पदरीं ठेविलें, आणि तालमींतून घरच्या व परक्या गड्यांच्या जोडी लागूं लागल्या. परका येतो तो इनामासाठीं, हें खरें. पण इनाम बुडणार नाहीं हा भरंवसा अशा जागींच मिळतो.

मुष्टियुद्धाची गोष्ट निराळी. प्रतिस्पर्धी भुईवर पडून दहा अंक मोजीपर्यंत उठला नाहीं, तर प्रश्नच मिटला. पण पुष्कळ लढती शेवटच्या फेरीपर्यंत जातात, आणि मग कागद पुढें येतो. धंदेवाईक लढतींत तीन पंच कडेला बसून प्रत्येक फेरीचे गुण मांडतात. फेरी जिंकणाऱ्यास दहा व दुसऱ्यास बहुधा नऊ. आतां कल्पना करा, घरच्या योद्ध्याचा ठोसा प्रतिस्पर्ध्याच्या हातमोज्यावर नुसता घासून गेला, तरी हजारों कंठांतून एकच गर्जना उठते. परक्याचा ठोसा थेट बरगडींत बसला, तरी सभागृह स्तब्ध असतें. पंच कितीहि सचोटीचा असो, त्याला कान आहेतच. डोळ्यांना जें अर्धवट दिसलें तें कान पुरें करितात, आणि अशा चार फेऱ्या इकडच्या तिकडे झाल्या कीं लढत फिरते.

कधीं कधीं तर कानांचेंहि निमित्त लागत नाहीं. १९८८ सालीं दक्षिण कोरियांत सोल येथें ऑलिंपिक सामने झाले. तेथें अमेरिकेचा रॉय जोन्स अंतिम लढतींत यजमान देशाच्या पार्क सी-हुन याच्याशीं लढला. मोजणाऱ्यांनीं जोन्सचे ८६ ठोसे व पार्कचे ३२ ठोसे बसल्याचें नोंदलें, तरी पांच पंचांपैकीं तिघांनीं कौल पार्कला दिला. गंमत अशी कीं, त्याच स्पर्धेंतला सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्धा म्हणून चषक मिळाला तो जोन्सलाच! पुढच्या, म्हणजे १९९२ च्या ऑलिंपिकपासून संगणकाच्या कळा दाबून गुण देण्याची रीत सुरू झाली, त्यामागें या निकालाची लाज होती. पण यंत्र आलें तरी कळ दाबणारें बोट माणसाचेंच.

इतकें असून कोणी परमुलखीं जातो, तें कशासाठीं? कांहींना घरची दारें बंद झालेलीं असतात. महंमद अलीनें सैन्यभरतीविरुद्ध मत उच्चारल्यावर अमेरिकेंत त्याला लढतीसाठीं जागा मिळेना. म्हणून १९६६ सालीं जगज्जेतेपद पणाला लावून तो टोरोंटो, लंडन आणि फ्रँकफुर्ट येथें परक्या योद्ध्यांशीं त्यांच्याच अंगणांत लढला व प्रत्येक वेळीं जिंकला.

कांहींना मात्र आपलें बळ पारखून घ्यावयाचें असतें. १९१० सालीं गामा विलायतेस गेला तो असाच. १० सप्टेंबर रोजीं लंडन येथें पोलिश मल्ल झबिस्को याच्याशीं त्याची गांठ पडली. झबिस्को आरंभींच गादीवर पालथा पडला आणि जवळजवळ अडीच तास तसाच चिकटून राहिला. गामानें नाना खटपटी केल्या, पण पाठ कांहीं टेकेना. १७ तारखेस कुस्ती पुन्हां ठरली, त्या दिवशीं झबिस्को आलाच नाहीं. आपल्याकडे ही गोष्ट सांगतांना लोक येथेंच थांबतात व झबिस्कोला हंसतात. मला तें न्यायाचें वाटत नाहीं. कारण पुढें १९२८ सालीं हाच झबिस्को, पन्नाशीच्या घरांत असतां, समुद्र ओलांडून पतियाळ्यास आला आणि हजारों परक्या प्रेक्षकांसमोर गामाशीं लढला. गामानें त्याला एका मिनिटाच्या आंत चीत केलें. हरणार हें बहुधा त्यालाहि दिसत असावें. तरी तो आला.

आपल्या जिल्ह्याचें उदाहरण सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हां त्यांचा सारा सराव मातींतला होता. मातींत पाय रुततो, अंगाला माती लागली कीं पकड घट्ट बसते, आणि डाव शिजवावयास सवड असते. गादीवर यांतलें कांहींच नाहीं. घामानें हात निसटतो, आणि मिनिटें घड्याळ मोजतें. तरीहि त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसा नव्हता, तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेथें एक दीर्घ कुस्ती संपते तोंच खाशाबांना दुसरीसाठीं पुकारण्यांत आलें. मध्यें विसाव्याचा हक्क होता, परंतु तो मागावयास आपला एकहि अधिकारी जवळ नव्हता, असें त्या प्रसंगाच्या हकिकतींत सांगतात. परमुलखीं एकटें असणें म्हणजे काय, तें मला या एका गोष्टीवरून जितकें कळलें तितकें दुसऱ्या कशावरून कळलें नाहीं. तेथें आरोळ्या विरुद्ध नव्हत्या, पंचहि वैरी नव्हते. आपल्या बाजूनें नियमाचें पुस्तक उघडणारा माणूस तेवढा नव्हता. अशा स्थितींत त्यांनीं जें कांस्यपदक आणिलें, तें स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक पदक ठरलें. परत आल्यावर गोळेश्वरनें शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली.

आतां त्या यात्रेंतल्या परक्या पैलवानाचें सांगावयाचें राहिलें. दुसऱ्या वर्षीं गांवकऱ्यांनीं त्याला पुन्हां निरोप धाडला. बहुधा त्यांचें त्यांनाच बोचत असावें. तो आला, पण त्यानें एकच अट घातली कीं, पंच दुसऱ्या गांवचा असावा. फलटणच्या एका वस्तादांना बोलावणें गेलें. मी माझ्या चुलत्यांच्या खांद्यावर बसून ती कुस्ती पाहिली. ती दिवस मावळेपर्यंत चालली, आणि शेवटीं गांवच्या गड्यानें त्याला स्वच्छ चीत केलें. वस्तादांनीं हात वर करण्यापूर्वींच परका उठला, त्यानें अंगावरची माती झटकली, आणि जिंकलेल्या पोराला खांद्यावर घेऊन आखाड्याभोंवतीं फिरविलें. त्या वर्षीं आखाड्यांत कोणी उतरलें नाहीं.