पात्रांचे मन वाचणे म्हणजे काय?

कादंबरी वाचताना आपण पात्रांची मने वाचत असतो, असे अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या साहित्य-अभ्यासक लिसा झुनशाइन म्हणतात. यात परचित्तज्ञानासारखे काही अद्भुत असावे, असा अनेकांचा समज होतो. तसे काही नाही. झुनशाइन यांचा आधार आहे मानसशास्त्रातील ‘थिअरी ऑफ माइंड’ (माणसाच्या वागण्यावरून त्याचे विचार, इच्छा, भावना यांचा अंदाज बांधण्याची क्षमता). मानसशास्त्रज्ञ प्रेमॅक आणि वुडरफ यांनी १९७८ मध्ये चिंपांझींविषयीच्या निबंधात ही संज्ञा मांडली. रस्ता ओलांडताना दुचाकीस्वाराने आपल्याला पाहिले की नाही, हे आपण त्याच्या नजरेवरून ताडतो, कधी चुकतोही. पात्रांबाबत नेमके हेच घडते.

‘व्हाय वी रीड फिक्शन’ (२००६) या पुस्तकात झुनशाइन व्हर्जिनिया वूल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ या कादंबरीतील एक प्रसंग घेतात. बऱ्याच वर्षांनी नायिका क्लॅरिसाला भेटलेला पीटर वॉल्श थरथरतो. त्याला कंपवात असेल, हे वाचकाच्या मनातही येत नाही. तो भेटीने हलला आहे, हे न सांगता कळते. हे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते, कारण लेखिकेने न लिहिलेले किती आपण स्वतःच भरतो, ते त्यातून लख्ख दिसते.

मात्र यावरून ललित वाचनाने माणूस आपोआप सहृदय होतो, असा निष्कर्ष काढू नये. मानसशास्त्रज्ञ किड आणि कस्तानो यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ललित वाचनाचा मने ओळखण्याच्या क्षमतेवर तात्कालिक चांगला परिणाम नोंदवला होता. पुढे इतर संशोधकांच्या अनेक पुनर्प्रयोगांत तो आढळला नाही.