भाडेकरार कुणाच्या नावावर?

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा शहरात सन मायक्रोसिस्टिम्सने आणि पुढे ओरॅकलने जिथे कचेऱ्या थाटल्या, तिथे पूर्वी ॲग्न्यूज नावाचं सरकारी मनोरुग्णालय होतं. १९०६च्या भूकंपात त्याची इमारत कोसळून शंभराहून अधिक माणसं गेली. नव्याने बांधलेल्या ॲग्न्यूजमध्ये पुढे बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं ठेवली जाऊ लागली. २००९मध्ये ते बंद झालं, तेव्हा शेवटच्या रहिवाशांपैकी बहुतेकांची रवानगी दुसऱ्या मोठ्या संस्थेत झाली नाही. ते आसपासच्या साध्या वस्त्यांतल्या घरांत राहायला गेले.

त्यामागे १९६९चा लँटरमन कायदा होता. बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, अपस्मार असं काही लहानपणापासून असलेल्या माणसाची जबाबदारी आयुष्यभर राज्याची, असं त्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी ठरवलं. राज्यात त्यासाठी २१ रीजनल सेंटर आहेत. ही मदत हक्काची आहे, काटकसरीच्या नावाखाली खात्याला ती परस्पर कापता येणार नाही, असं १९८५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं.

या कायद्यातून उभी राहिलेली ‘सपोर्टेड लिव्हिंग’ची पद्धत मला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि तिचं मर्म एका कागदात आहे. घराचा भाडेकरार त्या माणसाच्या नावावर असतो, मदत पुरवणाऱ्या संस्थेच्या नव्हे. संस्थेशी पटलं नाही तर संस्था बदलते, माणूस घरातच राहतो. गरज वाढली तर मदतीचे तास वाढतात, बिऱ्हाड हलत नाही. भिंतीला कोणता रंग, सोबतीला कोण, हे त्यानेच ठरवायचं. केवळ अपंगत्व तीव्र आहे म्हणून कुणाला नाकारता येत नाही, हेही नियमातच लिहिलंय. वसतिगृहात हे जमत नाही, कारण तिथे छप्पर आणि काळजी एकाच हातात असते. एकाबद्दल तक्रार केली की दुसरंही धोक्यात येतं.

मदतनिसाचं काम बाहेरून सोपं दिसतं. समजा, भात लावायला शिकवायचंय. तांदूळ मोजणं, धुणं, पाणी घालणं, कुकरचं बटण दाबणं असे कामाचे तुकडे पाडतात. पाण्याच्या खुणेवर रंगीत पट्टी चिकटवतात. सुरुवातीला हातावर हात ठेवून, मग नुसतं बोट दाखवून, मग काही न बोलता शेजारी उभं राहून. शेवटी स्वयंपाकघराबाहेर बसायचं. सगळ्यांत कठीण असतं ते हेच. भात करपणार हे दिसत असताना जागचं न उठणं याला फार संयम लागतो. बस पकडणं, औषधांच्या डबीतला आजचा कप्पा उघडणं, दारावरच्या अनोळखी माणसाला ‘नको’ म्हणणं, हे सगळं याच रीतीने. काहींना मात्र जन्मभर चोवीस तास माणूस लागतो. त्यांचंही घर त्यांचंच.

अडचणी मोठ्या आहेत. मदतनिसांचा पगार तुटपुंजा, त्यामुळे माणसं टिकत नाहीत, आणि नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं. सरकारी भत्त्यात सांता क्लारासारख्या ठिकाणचं भाडं भागत नाही. तो भत्ता मिळण्यासाठी नावावर २,००० डॉलरहून जास्त शिल्लक चालत नाही, आणि ही मर्यादा १९८९पासून तशीच आहे. तिकडच्या मराठी कुटुंबांनी ही अट नीट जाणून घ्यायला हवी. आजोबांनी प्रेमाने नातवाच्या नावावर टाकलेली ठेव त्याचा भत्ता घालवू शकते. त्याऐवजी वेगळा ट्रस्ट करता येतो.

आपल्याकडेही २०१६च्या अपंग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आहे. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याने पालकत्वाची सोय केली आणि ‘निरामय’ विमाही आला. पण ‘आमच्या पश्चात याचं काय?’ हा प्रश्न पुण्या-ठाण्यातल्या आईवडिलांची झोप अजून उडवतो. तिकडे मदतनीस मिळतो आणि घर परवडत नाही. इथे मध्यमवर्गीय आईवडिलांचा दोन खोल्यांचा फ्लॅट अनेकदा असतो, शेजारी मुलाला ओळखतात, कोपऱ्यावरचा वाणीही ओळखतो. नसतो तो मदतनिसाचा पगार. आईवडील गेले की भावंडं फ्लॅट विकतात आणि पन्नाशीचा ‘मुलगा’ गावाबाहेरच्या संस्थेत जातो. ज्या रस्त्यांवर तो एकटा फिरू शकत होता, ते रस्ते मागे राहतात.