ट्रिप झालं? आधी वाचा, मग रीसेट करा

समजा, भंडारा जिल्ह्यात उन्हाळी धानाच्या दिवसांत वादळ आलं आणि सबस्टेशनमध्ये दोन ब्रेकर पडले. एक 11 केव्ही फीडरचा, दुसरा पॉवर ट्रान्सफॉर्मरचा. दिसायला दोन्ही सारखेच बंद. पण पुन्हा चालू करायचा नियम वेगळा आहे, तो का ते बघू.

ओव्हरहेड लाईनवरचे बहुतेक फॉल्ट तात्पुरते असतात. फांदी घासली, ठिणगी उडाली, संपलं. म्हणून लाईनवर कुणी काम करत नाही याची खात्री करून फीडर एकदा चार्ज करून बघतात. पुन्हा पडला तर थांबायचं आणि लाईन तपासायची.

ट्रान्सफॉर्मरचं तसं नाही. डिफरन्शियल किंवा बुखोल्झ रिलेने ट्रिप दिली असेल, तर बिघाड टाकीच्या आत असू शकतो. बुखोल्झमध्ये साठलेला वायू जळणारा निघाला, तर आत तेल किंवा इन्सुलेशन जळतंय असं समजा. नुसती हवा असेल, तर ती बाहेरून शिरलेली असू शकते. तपासणी न करता चार्ज केलं, तर फॉल्टमध्ये पुन्हा प्रचंड करंट जातो. टाकी फुटून आग लागू शकते. म्हणूनच लॉकआऊट रिले (क्रमांक 86) मुद्दाम हातानेच रीसेट करावा लागतो. माणसाने तिथे थांबून विचार करावा, हाच त्यामागचा हेतू.

जुन्या रिलेचा फ्लॅग रीसेट केला की पुरावा गेला. त्यामुळे फ्लॅग, वेळ, करंट आधी वहीत लिहा. प्रयोगशाळेतलं उपकरण बंद पडलं तरी हेच करा. तुमच्या संशोधनातलं ते पहिलं रीडिंग आहे.