चिमूर-आष्टी आणि मादाम दफार्जची यादी

डिकन्सच्या 1859 सालच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या कादंबरीत मादाम दफार्ज विणत बसते. ज्यांचा सूड घ्यायचा त्यांची नावे तिच्या विणकामात गुंफलेली असतात. तिचे दुःख खरे आहे. सरंजामदार भावांनी तिच्या बहिणीची अब्रू घेतली, भावाचा जीव घेतला. पण तिची यादी त्याच घराण्यातल्या चार्ल्स डार्नेपर्यंत येते. त्याने जहागीर कधीच सोडलेली असते. 18 वर्षे तुरुंगात पिचलेला त्याचा सासरा, डॉक्टर मानेत, न्यायालयात हजर असतो. तरी त्यानेच पूर्वी कोठडीत लिहिलेला शाप वाचून जावयाला मृत्युदंड दिला जातो. कागद ऐकला जातो, समोरचा म्हातारा नाही.

अमरावती जिल्ह्यातून वर्धा नदी ओलांडली की आष्टीचा मुलूख लागतो. मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा सारा भाग जागा केला होता. 1942 च्या ‘छोडो भारत’ चळवळीत इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगातही टाकले. त्याच वर्षी 16 ऑगस्टला आष्टीत आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला गोळीबार झाला. चिमूरला बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला. संतापलेल्या जमावाने दोन्हीकडे सरकारी माणसे मारली. मग चिमूरमध्ये फौज शिरली आणि तिने ज्यांचा काही दोष नव्हता अशा बायकांवर अत्याचार केले. मादाम दफार्जच्या यादीसारखा हा सूडही निर्दोषांपर्यंत पोचला.

इथे मला गांधीजींचे अनुयायी प्राध्यापक भन्साळी फार मोठे वाटतात. त्यांनी सूड मागितला नाही, या अत्याचारांची चौकशी मागितली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा आपल्या वऱ्हाडचे बापूजी अणे होते. भन्साळी दिल्लीला त्यांच्याच दारी गेले, आणि पुढे त्यांचे उपोषण 63 दिवस चालले. दुसरीकडे सरकारी माणसांच्या हत्येच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या टळाव्यात म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले. अखेर 1945 मध्ये उरलेल्या फाशीच्या कैद्यांना जन्मठेप झाली.

दया करायची तर आधी खरे काय घडले ते विचारावे लागते, म्हणून मला भन्साळींची मागणी आणि अनसूयाबाईंची धडपड एकच वाटते. चिमूरला मारले गेलेले उपविभागीय अधिकारी आणि नायब तहसीलदारही याच देशाचे होते. ऑगस्टमध्ये शाळांतून हुतात्म्यांची गोष्ट सांगताना त्या दोघांच्या घरच्यांवर काय ओढवले, तेही मुलांना सांगावे.